काजळी, कथील, मेण, लाख

‘त्याची पिन तिथंच अडकलीय.’ घरात कुणी तोच मुद्दा चौथ्यांदा सांगायला लागलं की मराठी माणूस हमखास असं म्हणतो. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती पिन कधी पाहिलेलीही नसते. जेमतेम पेराएवढी पोलादी सुई, पत्र्याच्या चपट्या डबीत दोनशे नग. एक बाजू वाजली की सुई बदलावी, असा रेकॉर्ड कंपन्यांचा आग्रह असे आणि तो पाळणारं घर विरळा असे. तबकडीवर ओरखडा गेला की दोन वळणांमधली भिंत खचायची, सुई पुढं सरकण्याऐवजी मागच्याच वळणात परत यायची आणि गवई तानेच्या एकाच तुकड्यावर अडकून राहायचा. मग घरातलं कुणीतरी हातातलं काम टाकून उठायचं आणि सुई बसवलेल्या साउंडबॉक्सला बोटानं हलकेच पुढं ढकलायचं.

पिन भाषेत मुरली, कारण ती दिसायची. पण आवाज पकडण्याच्या यंत्रांची गोष्ट समजून घ्यायची तर पिन हा त्यातला सोपा भाग आहे. कर्णा, कर्ण्याच्या टोकाला ताणलेला पातळ पडदा आणि पडद्याला चिकटवलेली सुई ही तिघांची जोडणी १८५७ मध्येच जमली होती. त्यानंतरची पन्नास वर्षं खर्ची पडली ती वेगळ्याच प्रश्नावर. सुई लिहायला तयार होती, तिनं लिहायचं कशावर? काजळी, कथील, मेण, जस्त, लाख अशा क्रमानं या प्रश्नाला उत्तरं मिळत गेली आणि प्रत्येक उत्तरानं यंत्राचा स्वभाव बदलला. कोण गाणार, किती वेळ गाणार, ते गाणं कुणाच्या घरी पोचणार, हेही या पदार्थांनीच ठरवलं. शोधांच्या इतिहासात माणसांची नावं ठळक छापली जातात आणि मेण, लाख तळटीपेत जातात. या विषयात शिरताना क्रम उलटा लावलेला बरा.

काजळीपासून सुरुवात केली तर पहिला माणूस भेटतो तो पॅरिसचा. एदुआर-लेओं स्कॉत द मार्तिनव्हिल हा छापखान्यातला माणूस, शास्त्रीय ग्रंथांची प्रुफं तपासणारा. शरीरशास्त्राच्या एका ग्रंथाची प्रुफं वाचताना कानाच्या रचनेच्या आकृत्या त्याच्या नजरेखालून गेल्या आणि त्याच्या डोक्यात आलं, की कॅमेरा जर प्रकाशाचं चित्र काढतो तर कानासारखं काहीतरी बनवून आवाजाचं चित्र का काढता येऊ नये? २५ मार्च १८५७ रोजी त्यानं ‘फोनोटोग्राफ’चं पेटंट घेतलं. मोठ्या कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला डुकराचा एक राठ केस आणि केसासमोर हातानं फिरवायचं नळकांडं. नळकांड्यावर गुंडाळलेला कागद दिव्यावर धरून काळा केलेला. रॉकेलच्या चिमणीची काच ज्यांनी कधी पुसली असेल त्यांना ही काजळी किती हळवी असते ते सांगायला नको. बोटाचा वाराही तिला पुरतो. म्हणूनच ती स्कॉतला हवी होती. केस थरथरला की काजळी पुसली जायची आणि काळ्यावर पांढरी नागमोडी रेघ उमटायची.

ती रेघ परत वाजवावी असं स्कॉतच्या मनात नव्हतं, आणि इथं आजचा वाचक थोडा चक्रावतो. त्याला हवी होती लिपी. बोलणाऱ्याचं बोलणं लघुलेखकाच्या मदतीवाचून आपलं आपण कागदावर उतरावं आणि पुढं माणसांनी ती रेघ वाचायला शिकावं, हा त्याचा बेत. हात न उचलता सलग लिहिलेल्या मोडीसारखीच ती रेघ दिसते. फरक इतकाच की मोडी वाचणारे आजही सापडतात आणि ही लिपी वाचणारा एकही जन्मला नाही. एडिसनचं यंत्र गाजू लागल्यावर १८७८ मध्ये स्कॉतनं एक पुस्तिका काढून तक्रार केली. त्याच्या मते एडिसनला मुद्दाच कळला नव्हता, कारण आवाज ‘लिहायचा’ होता आणि या अमेरिकनानं तो नुसता पुन्हा ऐकवला. पुढच्याच वर्षी स्कॉत वारला.

त्याच्या काजळीच्या कागदांना कंठ फुटला तो २००८ मध्ये. ‘फर्स्ट साउंड्स’ या अभ्यासकांच्या गटानं पॅरिसमधले जुने कागद शोधले आणि कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्या रेघांचं संगणकानं आवाजात रूपांतर झालं. ९ एप्रिल १८६० या तारखेच्या कागदातून एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा ऐकू आला. कुणी मुलगी गातेय असं सगळ्यांना वाटलं आणि तशाच बातम्या जगभर छापून आल्या. वर्षभरानं चूक लक्षात आली. स्कॉत हुशार होता. हातानं फिरवलेल्या नळकांड्याचा वेग कमीजास्त होणार हे ओळखून त्यानं आवाजाच्या रेघेशेजारीच नादकाट्याची रेघ ओढून ठेवली होती. पण त्या काळचे फ्रेंच शास्त्रज्ञ पडद्याचं एकदा इकडं आणि एकदा तिकडं जाणं ही दोन कंपनं मोजत. त्या हिशेबातली पाचशे म्हणजे आजची अडीचशे. वेग निम्मा केल्यावर मुलगी नाहीशी झाली आणि संथपणे गाणारा एक पुरुष समोर आला, बहुधा स्वतः स्कॉत.

आता अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला. १८७७च्या उन्हाळ्यात थॉमस एडिसन दोन उद्योगांत गुंतला होता: तारेचे संदेश कागदाच्या पट्टीवर ठोकून पुन्हा पाठवणारं यंत्र आणि टेलिफोन सुधारणं. दोन्हींच्या सांध्यात त्याला फोनोग्राफ सापडला. एडिसनला ऐकू कमी येई. टेलिफोनच्या पडद्याला बारीक सुई लावून ती बोटाला किती टोचते यावरून तो आवाजाचा जोर जोखत असे, असं त्यानं नंतर सांगितलं आहे. १८ जुलैला मेणकागदाची पट्टी सुईखालून ओढत तो ओरडला आणि पट्टी पुन्हा ओढल्यावर अस्पष्ट का होईना, काहीतरी परत आलं. त्यानंतरचे काही महिने हा प्रयोग जवळजवळ पडूनच होता. पुस्तकांत हमखास छापलं जाणारं, १२ ऑगस्ट १८७७ अशी तारीख असलेलं एडिसनचं रेखाचित्र बरंच गोंधळाचं आहे, कारण ती तारीख कित्येक वर्षांनी घातलेली आहे. प्रयोगशाळेतल्या नोंदींप्रमाणे खरं रेखाटन नोव्हेंबरच्या अखेरीचं. जॉन क्रुसी हा मूळचा स्वित्झर्लंडचा कुशल कारागीर. त्यानं ते यंत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बनवून दिलं.

हे यंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. पितळी नळकांडं, त्यावर स्क्रूच्या आट्यांसारखी गोल फिरत जाणारी खाच, एका इंचात दहा. नळकांड्याचा दांडाही आट्यांचा, त्यामुळे हँडल फिरवलं की नळकांडं स्वतःभोवती फिरता फिरता बाजूलाही सरकत जातं. वर कथलाचा पातळ पत्रा ताणून गुंडाळायचा. मिठाईवरच्या वर्खापेक्षा जाड, पण नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. एका बाजूला बोलण्याचं तोंड, त्यात पडदा आणि बोथट सुई. सुईखाली पत्रा असतो, पत्र्याखाली खाचेची पोकळी, त्यामुळे पडदा हलला की पत्रा आत दबतो. तोंड अगदी जवळ नेऊन खणखणीत बोलायचं. मग सुई उचलायची, नळकांडं उलटं फिरवून सुरुवातीला आणायचं, दुसऱ्या बाजूचा हलका पडदा टेकवायचा आणि शक्य तितक्या त्याच वेगानं हँडल फिरवायचं. पत्र्याचे खळगे आता सुईला वरखाली नाचवतात, सुई पडद्याला आणि पडदा हवेला. पत्र्याचा जोड प्रत्येक फेरीला ठक् करतो तो वेगळाच. एडिसननं इंग्रजी पोरांच्या तोंडी असलेलं मेरीच्या कोकराचं बडबडगीत म्हटलं आणि यंत्रानं ते परत म्हणून दाखवलं. ७ डिसेंबरला ते ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीत एका टेबलावर ठेवण्यात आलं. तिथं जमलेल्यांची त्यानं प्रकृतीची चौकशी केली आणि निरोपही घेतला. २४ डिसेंबरला पेटंटचा अर्ज गेला, १९ फेब्रुवारी १८७८ला पेटंट हाती आलं.

पहिले ध्वनिमुद्रित शब्द मॅक्समुल्लरनं म्हटलेल्या ऋग्वेदाच्या ऋचेचे होते, अशी एक कथा मोबाइलवर दर काही महिन्यांनी फिरते. त्या निरोपात यंत्र ग्रामोफोन, शोधक एडिसन आणि कंपनी एचएमव्ही असं सगळं एकाच ताटात वाढलेलं असतं. एडिसनचं यंत्र फोनोग्राफ. ग्रामोफोन दुसऱ्याच माणसाचा, दहा वर्षांनंतरचा. आणि एचएमव्हीचा कुत्रा कर्ण्यासमोर बसला तो आणखी दहाएक वर्षांनी. फोनोग्राफवर पहिला मान बडबडगीताचाच.

पॅरिसमध्ये या सुमारास आणखी एकाचं नशीब रुसलं. कवी शार्ल क्रो यानं रेघ वाजवण्याची युक्ती एडिसनच्या यंत्राआधी सहा-सात महिने लिहून काढली होती: काजळीतल्या रेघेचा फोटो-ब्लॉक करून ती धातूत कोरायची आणि त्या खाचेतून सुई चालवायची. यंत्र करायला गाठीला पैसे नव्हते. म्हणून त्यानं ३० एप्रिल १८७७ रोजी बंद लिफाफा फ्रेंच विज्ञान अकादमीत ठेवला. डिसेंबरमध्ये तो उघडला गेला, तेव्हा क्रुसीचं यंत्र तयार होत होतं.

कथील मात्र फार दिवस टिकणारं नव्हतं. प्रत्येक वेळी वाजवताना सुई खळगे थोडे सपाट करी. चार-पाच वेळांत शब्द पुसट होत. आणि पत्रा एकदा नळकांड्यावरून काढला की पुन्हा त्याच जागी बसवणं अशक्य. म्हणजे यंत्र आवाज पकडत होतं, ठेवत नव्हतं. १८७८च्या जूनमध्ये ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’त एडिसननं या यंत्राचे दहा उपयोग लिहिले. पहिला पत्रं सांगण्याचा, दुसरा अंधांसाठी बोलत्या पुस्तकांचा. संगीत चौथ्या क्रमांकावर. पुढं घरातल्या माणसांचे अखेरचे शब्द जपणं, बोलणारी खेळणी, वेळ सांगणारी घड्याळं, भाषांचे उच्चार टिकवणं. यादी वाचताना हसू येत नाही, उलट ती आजच्या फोनची जाहिरात वाटते. मग विजेच्या दिव्याच्या मागं लागून एडिसननं हे यंत्र जवळपास दहा वर्षं बाजूला टाकलं.

ते उचललं दुसऱ्यांनी. टेलिफोनबद्दल फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक अलेक्झांडर ग्रॅहम बेलला १८८० मध्ये मिळालं, पन्नास हजार फ्रँक. त्या पैशातून त्यानं वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा थाटली. सोबतीला चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि उपकरणं घडवणारा चार्ल्स समनर टेंटर. त्यांनी एडिसनच्याच यंत्रातल्या खाचेत मेण भरलं. बदल एवढासाच दिसतो, पण त्यामुळं सुईचं कामच पालटलं. कथलावर ती ठोकत होती, मेणावर ती कोरू लागली. ठोकलेला खळगा कडेला फुगतो आणि शेजारच्याला ढकलतो. कोरलेली खाच स्वच्छ असते. १८८१ मध्ये त्यांनी हे यंत्र पत्र्याच्या पेटीत सीलबंद करून स्मिथसोनियन संस्थेत ठेवलं, पुढंमागं भांडण लागलं तर पुरावा म्हणून. १९३७ मध्ये पेटी उघडली. आतल्या मेणावर इतर मजकुरासोबत यंत्राच्या तोंडी घातलेला एक विनोद होता: मी ग्राफोफोन, माझी आई फोनोग्राफ. नावही फोनोग्राफची उलटापालट करूनच घेतलं होतं. पेटंट मिळालं ४ मे १८८६ला, आणि एडिसन खडबडून जागा झाला. जून १८८८ मध्ये त्यानं अख्ख्या मेणाचं नळकांडं वापरणारा सुधारित फोनोग्राफ आणला. रात्रंदिवस काम करून थकलेला, डोकं हातावर टेकून यंत्राशेजारी बसलेला एडिसन १६ जूनच्या एका छायाचित्रात आहे.

हे ‘मेण’ म्हणजे मधमाशीचं मेण नव्हे, साबणाच्या जवळचं एक रासायनिक मिश्रण. त्याचा मोठा गुण असा, की वरचा थर पात्यानं तासून काढला की नळकांडं पुन्हा कोरं. कचेऱ्यांत साहेबांनी पत्रं सांगावीत, टंकलेखकानं ती ऐकून उतरवावीत आणि नळकांडं तासून परत साहेबांच्या टेबलावर जावं, असा धंद्याचा हिशेब होता. तो फसला. यंत्रं नाजूक होती आणि लघुलेखकांना त्यांत स्वतःची गच्छंती दिसत होती. पैसा निघाला तो भलतीकडं. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या माणसानं फोनोग्राफला नाणं टाकायची फट बसवली. नाणं टाकायचं, रबरी नळी कानाला लावायची, गाणं ऐकायचं. एडिसनच्या यादीतला चौथा क्रमांक पहिला झाला. एडिसनला हे फारसं रुचलं नाही. आपलं यंत्र म्हणजे खेळणं नव्हे, यावर तो बराच काळ ठाम होता.

गाण्याला मागणी आली आणि मेणाचा दोष उघडा पडला. नळकांड्याची प्रत काढता येईना. दहा नळकांडी हवीत तर गायकासमोर दहा यंत्रांचे कर्णे मांडायचे, शंभर हवीत तर त्यानं दहा वेळा गायचं. जॉर्ज जॉन्सन हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर शीळ घालणारा कृष्णवर्णीय गायक; त्याचं हसण्याचं गाणं अतोनात खपलं, आणि खपलं म्हणजे त्यानं ते हजारो वेळा प्रत्यक्ष गायलं. तेच शब्द, त्याच जागी तेच हसू, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नळकांडी साच्यातून काढण्याची पद्धत १९०२ मध्ये बाजारात रुळली आणि अशा गायकांची मजुरी संपली. लोकप्रियतेमुळं गळ्याला काम मिळणं आणि यंत्र सुधारल्यामुळं ते जाणं, दोन्ही एकाच माणसानं दहा-बारा वर्षांत पाहिलं.

प्रतींचं कोडं आधीच सोडवून बसला होता एमिल बर्लिनर, जर्मनीतल्या हॅनोव्हरहून अमेरिकेत आलेला, शाळा लवकर सुटलेला माणूस. १८८७च्या त्याच्या पेटंटमध्ये पुन्हा काजळी आहे आणि क्रोची ब्लॉकची युक्तीही आहे. पण त्यानं दोन गोष्टी बदलल्या. नळकांड्याऐवजी तबकडी घेतली आणि सुईला वरखाली न हलवता डावीउजवीकडं हलवलं. खाच सगळीकडं सारख्याच खोलीची, नागमोडी. तिच्या भिंती सुईला आपोआप पुढं नेतात, आट्यांच्या दांड्याची गरजच नाही. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यानं ग्रामोफोन दाखवला तेव्हा तबकडी जस्ताची होती. जस्तावर मेणाचा तेलकट पापुद्रा. सुई तो खरवडते, मग तबकडी आम्लात सोडायची, उघडं पडलेलं जस्त खाल्लं जातं आणि रेघेची खाच होते. तिच्यावरून विजेच्या साहाय्यानं तांब्याचा उलटा साचा काढायचा आणि त्या साच्यानं हव्या तितक्या तबकड्या दाबायच्या. स्कॉतला लिपी हवी होती, बर्लिनरनं तिचा छापखानाच काढला.

आवाज मात्र वाईट होता. आम्लानं कुरतडलेल्या कडांमुळं सतत खरखर. न्यू जर्सीतल्या कॅमडनचा यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन याच्याकडं हे यंत्र दुरुस्तीला आलं, तेव्हा त्याला ते पडसं झालेल्या, घसा बसलेल्या, जेमतेम शिकवलेल्या पोपटासारखं वाटलं. त्यानं १८९६ मध्ये त्याला स्प्रिंगची मोटार बसवली. मराठी घरांतलं ‘किल्ली देणं’ इथून सुरू होतं. पुढं जस्त गेलं आणि तबकडीसाठीही मेण आलं: मेणावर कोरायचं, वर ग्रॅफाइटची पूड फासून तांबं चढवायचं. १९०१ मध्ये जॉन्सननं व्हिक्टर कंपनी काढली.

दाबायच्या तबकड्या सुरुवातीला कडक रबराच्या होत्या. त्या वाकत, कुठंकुठं नीट दाबल्या जात नसत. १८९५च्या सुमारास बर्लिनर लाखेकडं वळला. या सगळ्या अमेरिकन-युरोपीय गोष्टीत हिंदुस्थान गायकांच्या आधी शिरतो तो असा, पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यामार्फत. बिहार, छोटा नागपूर, बंगालच्या जंगलांतून फांद्या खरवडून काढलेली लाख मिर्झापूर-कलकत्त्याच्या बाजारपेठेतून जगभर जाई. बांगड्यांची, मोहोर करायची, सोनाराच्या दागिन्यात भरायची तीच. तबकडीत लाख तशी थोडी. बाकी दगडाची भुकटी, कापसाचे तंतू आणि काळा रंग. भुकटी मुद्दाम घातलेली, पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. म्हणूनच ती दर बाजूला बदलायची. साउंडबॉक्समधला पडदा अभ्रकाचा. तेही बहुधा इथल्याच खाणीतलं. तापवली की मऊ, गार झाली की काचेसारखी कडक, आणि हातातून पडली की काचेसारखीच गेली: लाखेचा हा स्वभाव ज्यांच्या घरी रेकॉर्डी होत्या त्यांना ठाऊक आहे.

एक छोटा हिशेब. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण एक मीटर खाच जाते, आतल्या लेबलाजवळ जेमतेम चाळीस सेंटिमीटर. सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर घेतला, तर त्याचं एक वळण कडेला सव्वादोन मिलिमीटर लांब असतं, लेबलाशी एक मिलिमीटरहून कमी. म्हणजे तोच गायक, तोच सूर, पण गाणं शेवटाकडं जाताना लिहायला जागा कमी कमी मिळते आणि वरचे बारीक स्वर गिचमिड होतात. नेमकी द्रुत तान शेवटी यायची. नळकांड्यात हा दोष नव्हता, तिथं वेग सगळीकडं सारखा. एडिसन हे शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि ते खरंही होतं. पण नळकांडी रचून ठेवता येत नसत आणि तबकड्या येत.

मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला १९२५ मध्ये. त्याआधी आवाजाला मदत कुणाचीच नव्हती. पडदा हलायचा तो गळ्यातल्या ताकदीनं, सुई कोरायची तीही त्याच ताकदीनं. म्हणून गायकाचं तोंड कर्ण्याच्या आत. वरचा सूर आला की मागून कुणीतरी त्याला दंडाला धरून मागं ओढायचा, खर्जात गेला की पुढं ढकलायचा. व्हायोलिन पोचेना म्हणून लंडनच्या ऑगस्टस स्ट्रोनं त्याला लाकडी पेटीऐवजी पत्र्याचा कर्णा जोडला. खर्जातले धीरगंभीर नाद आणि ‘स’, ‘श’ची सळसळ पडद्याच्या आवाक्याबाहेरच राहिली.

अशीच सामग्री घेऊन फ्रेड गेझबर्ग १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीकडून कलकत्त्याला आला. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शशिमुखी आणि फणिबाला या नाटकातल्या मुली गायल्या. मग आली गायिका गौहर जान. कलकत्त्यात पाचशेहून अधिक मेणाच्या तबकड्या कोरल्या गेल्या आणि साचे काढायला हॅनोव्हरला रवाना झाल्या, तिथं कारखाना बर्लिनरच्या भावाचा. जर्मन कारागिराला कोणतं मेण कुणाचं हे कळावं म्हणून गाणं संपताच नाव सांगायचं, अशी पद्धत पडली. ‘माय नेम इज गौहर जान’ ही ठसक्यात दिलेली आरोळी नंतर तिची ओळख झाली. कलकत्त्याला सियालदाह भागात दाबण्याचा कारखाना १९०८ मध्ये निघाला. तोवर लाख इथून जायची आणि गाणं होऊन परत यायची.

मराठी कानाला यातली एक चुटपुट सोडत नाही. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या आवाजाच्या आठवणी दोन पिढ्यांनी लिहून ठेवल्या, ते फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले. गेझबर्गची बोट लागली ती पावणेदोन वर्षांनी. बालगंधर्वांच्या वाट्याला तबकडी आली, पण तीन मिनिटांची. रंगभूमीवर वन्समोअर घेत जे पद अर्धा तास चाले, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे मेणाच्या रुंदीनं ठरवलं. बंदिशीचं तोंड लगेच मांडा, आलाप आटपा, दोन-चार नेमक्या ताना आणि शेवट. हे संकुचन म्हणजे गाण्याचा ऱ्हास, असं म्हणणारे होते. तबकडीसाठी विचार करावा लागल्यामुळं मांडणी घट्ट झाली असं म्हणणारेही. दोन्ही म्हणणी ऐकून झाल्यावर १९०५च्या सुमारास अब्दुल करीम खाँसाहेबांनी दिलेल्या तबकड्या ऐकाव्यात. तीन मिनिटं त्यांना अपुरी पडल्याचं जाणवत नाही, आणि हे प्रत्येक गवयाबद्दल म्हणता येणार नाही.

त्या तबकड्या ऐकताना एक फसगत संभवते, स्कॉतच्या कागदासारखीच. ७८चा वेग पुढं ठरला. सुरुवातीच्या तबकड्या कधी सत्तरला, कधी ऐंशीच्या वर कोरलेल्या. सगळ्या ७८लाच लावल्या तर गवयाची पट्टी चढते किंवा उतरते, आवाज तरणा किंवा म्हातारा होतो. संग्राहक मंडळी म्हणून साथीच्या पेटीकडं कान लावतात. गळा कुठल्याही पट्टीत लागेल, पेटी दोन पट्ट्यांच्या मधोमध लागणार नाही.

मेणाच्या नळकांड्यांचं आणखी एक वैर दमट हवेशी. बुरशीला ते मिश्रण आवडतं, ती खाचा खात जाते. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी, सुगंधी तेलाच्या धंद्यातल्या माणसानं, १९०६च्या सुमारास रवींद्रनाथांचा आवाज नळकांड्यांवर घेतला होता. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी ठेव किती टिकणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

ज्या ठेवींना सुई लावणंच धोक्याचं, त्या अलीकडं प्रकाशानं वाचतात. बर्कलीच्या प्रयोगशाळेत खाचेची सूक्ष्म छायाचित्रं घेतात आणि संगणक त्यांवरून सुईचा प्रवास मांडतो. पृष्ठभागाला कशाचाही स्पर्श होत नाही. १८७८ मध्ये सेंट लुईला कथलाच्या पत्र्यावर घेतलेलं ध्वनिमुद्रण असंच २०१२ मध्ये ऐकता आलं. त्यातही मेरीचं कोकरू आहे. पुढच्या वर्षी स्मिथसोनियननं बेलच्या प्रयोगशाळेतली एक तबकडी वाचून घेतली, पुठ्ठ्यावर मेण चढवलेली, १५ एप्रिल १८८५ अशी तारीख असलेली. टेलिफोनच्या जनकाचा आवाज कसा होता हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. तबकडीवर तो बहुतेक वेळ नुसते आकडे म्हणतो, मग डॉलर आणि सेंटच्या रकमा, एकेक उच्चार सुटा करत, कचेरीत हिशेब सांगावा तसे. शेवटी माझा आवाज ऐका म्हणतो आणि आपलं पूर्ण नाव सांगतो.